फणसाची हळद

टीपॉय करायला सुतार लागत नाही, असं माझं मत होतं. टीपॉय करायला नवरा लागत नाही, असं सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मत होतं.

आम्ही तेव्हा नुकतेच गिरगावातून भाईंदरला राहायला आलो होतो. माझ्या धाकट्या बहिणीला, वृषालीला, बघायला पाहुणे येणार आणि घरातला एकुलता एक टीपॉय मी बल्ब बदलायला त्याच्यावर चढल्यामुळे मोडलेला! तेवढ्यात चेणे गावातल्या एका मित्राच्या वाडीत फणसाचं झाड पडलं. त्याची जाडजूड फळी मी टेम्पोत घालून घरी आणली. फळी इतकी वरखाली होती की तिच्यावर ठेवलेला कप बशीला सोडून निघून जायचा.

"घासायचं मशीन आणतो," मी जाहीर केलं.

दुकानात दोन मशीनं पुढ्यात आली. एक मुठीत मावणारं, गोल फिरणारं. दुसरं पट्ट्याचं, रणगाड्यासारखं.

दुकानदार म्हणाला, "लेवल करना है तो पट्टेवाला. फिनिश करना है तो गोलवाला. दोनों करना है तो दोनों लगेगा."

"छोटं घ्या हो," सुनंदा म्हणाली. "तुम्हाला आवरेल असं."

झालं! 'आवरेल असं' म्हटल्यावर कुठला स्वाभिमानी पुरुष छोटं घेईल? मी रणगाडा घेतला. पट्टाही सगळ्यात खरखरीत मागितला (काम लवकर उरकावं म्हणून). खोक्यात एक कापडी पिशवीही निघाली. मशीन झाकून ठेवायची असेल, म्हणून मी ती घडी घालून कपाटात ठेवली.

पाहुण्यांच्या दिवशीच सकाळी मुहूर्त लागला. फळी गॅलरीत दोन स्टुलांवर आडवी. बाजूला वाटाघाटींना सुनंदा.

"अहो, आज नको. ते स्टेशनवर उतरले की मिस कॉल देणार आहेत."

"तोवर आरसा करून दाखवतो!"

मी खटका दाबला. मशीन गरजलं आणि फळीवरून सुसाट सुटलं. मी मागे. पिवळ्याधमक भुशाचे लोट उठले. (फणसाचं लाकूड आतून हळदीसारखं असतं, ही माहिती मला त्या क्षणी मिळाली.) घाबरून मी खटक्यावरचं बोट काढलं, तर मशीन चालूच! खटका दाबताना बाजूचं कसलंतरी बटण अंगठ्याखाली दबलं होतं आणि खटका तिथेच अडकला होता. फळी संपली, मशीन खाली उडी मारून हॉलमध्ये शिरलं, पडदा गिळला आणि सोफ्याखाली घुसलं. वर पंखा पाचवर.

"प्लग काढा, प्लग!" सुनंदा ओरडली, आणि शेवटी तिनेच काढला.

मशीन थांबलं. मोतिया रंगाची साडी नेसून वृषाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणजे साडी सकाळी मोतिया होती. आता ती, मी, सुनंदा, सोफा, सगळे केसांपासून नखांपर्यंत पिवळे! माझ्या मोबाईलवर तीन मिस कॉल. मशीनच्या आवाजात एकही ऐकू आला नव्हता.

बेल वाजली. समोरच्या जयाबेन.

"अरे सुनंदा! घर में हल्दी रखी और हमको बताया भी नहीं?" आणि टाळ्या वाजवत त्यांनी तिथेच पीठीचं, म्हणजे त्यांच्या गुजराती हळदीचं, गाणं सुरू केलं.

त्यांच्या मागे जिन्यात पाहुणे उभे होते.

मुलाच्या आईने वृषालीला नखशिखान्त न्याहाळलं. "ठरलं होतं तर निदान एक फोन करायचा! आम्ही एवढ्या लांबून आलो. चल रे पराग."

"अहो, ही हळद नाही," मी हात जोडून म्हणालो, "फणस आहे!"

"फणस लावतात तुमच्यात?"

वृषालीने पाच शिंका दिल्या, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "काकू, माझं कुणाशी ठरलेलं नाही. हा माझा भाऊ आहे. तो टीपॉय करत होता."

पराग एवढा हसला की त्याला जिन्याचा कठडा धरावा लागला. मग तो आत आला, सोफ्याखालून मशीन ओढून काढलं, उलटंपालटं केलं आणि अदबीने विचारलं, "दादा, याची भुसा गोळा करायची पिशवी कुठाय?"

"कपाटात," सुनंदा म्हणाली. "इस्त्री करून."

पोहे सगळ्यांनी उभ्याने, बशी हातात धरून खाल्ले. पोहे मुळातच पिवळे, त्यामुळे त्यांच्यात किती फणस गेला ते कुणालाच कळलं नाही. वृषाली आणि पराग गॅलरीत त्या फळीपाशी बराच वेळ काहीतरी बोलत आणि शिंकत होते.

दोन दिवसांनी परागच्या आईचा फोन आला. "मुलगी पसंत आहे. पण आमची एक अट आहे."

फ्लॅट मागतात की गाडी? "बोला," मी कसाबसा म्हणालो.

"लग्नात मुलीच्या भावाने स्वतःच्या हाताने बनवलेली कुठलीही वस्तू द्यायची नाही."

आता यात माझ्या मानाचा प्रश्न होता! "घरच्यांशी बोलून कळवतो," मी ताठपणे म्हणालो. तर सुनंदा आणि वृषालीने दोन बाजूंनी फोन खेचला आणि एका सुरात ओरडल्या, "मान्य आहे!"