पास्त्याऐवजी भोपळा

बोर्लीच्या बाजारात मी झुकिनी मागितली, तेव्हा भाजीवालीने मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. पुन्हा म्हणताना माझा आवाज आणखी बारीक झाला. शेजारी शिराळी निवडणाऱ्या बाईनेही मान वर केली.

"काय असते गो ती?"

"काकडीसारखी असते. शिजवतात."

"काकडी शिजवतात? आन् खातं कोण?"

"बाबा," मी म्हटलं. खरं तर ते खातील की नाही, हीच काळजी होती.

बाबांना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताची बोटं काही मिटेनात. दिवेआगरला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. वादळाने त्यातली बरीच झाडं नेली, तेव्हा उरलेल्या झाडांत नवी रोपं बाबांनी याच हाताने लावली होती. आता ते तो हात मांडीवर ठेवत आणि वर पंचा टाकत. आमच्याबरोबर जेवायला बसणं त्यांनी सोडलं. डाव्या हाताने भात कालवणं त्यांना जमलं असतं, पण ते करणार नव्हते. आई भरवायला गेली की तोंड फिरवत. चमचा दिला तर म्हणत, "मी काय दवाखान्यात आहे?" दोन घास खाऊन ताट सरकवत. सदरे खांद्यावर लोंबायला लागले होते.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत पर्यटक उतरतात. एकदा त्यांच्या मुलांसाठी आईने पास्ता केला. उरलेला मी बशीत घेतला, एक काटा घेतला आणि बाबांजवळ जाऊन बसले. काय बोलायचं ते मनात दोन-तीनदा जुळवून ठेवलं होतं.

"बाबा, हा काट्याने खातात. आणि काटा डाव्या हातात धरतात. आम्हाला शाळेत शिकवलंय."

हे खरं होतं. आमच्या इंग्रजी शाळेत बाईंनी रिकाम्या प्लेट आणि प्लॅस्टिकचे काटे देऊन आम्हाला जेवायला शिकवलं होतं. आम्ही सगळ्या जणी हवा खात होतो.

"डाव्याच?" बाबांनी संशयाने विचारलं.

"डाव्याच."

त्यांनी बशी संपवली. दुसऱ्या दिवशी टेबलाशी आमच्याबरोबर येऊन बसले. आई म्हणाली, "या साहेब." बाबा म्हणाले, "साहेबाला वाढ." त्यानंतर आमच्याकडे रोज रात्री पास्ता होऊ लागला. आई तो नाक मुरडून करायची, पण करायची. बाबांच्या अंगावर जरा मांस आलं, आणि मग साखर वाढली.

रिपोर्ट दाखवायला मी एकटीच गेले होते. डॉक्टर म्हणाले, मैदा बंद, भात नावापुरता. मग चष्मा काढून म्हणाले, दुसरा झटका आला तर तो हातावर थांबणार नाही. घरी येऊन मी फक्त मैदा बंद, भात कमी, एवढंच सांगितलं. पुढचं वाक्य मला मराठीतही येईना आणि इंग्रजीतही. मोबाइलवर शोधत बसले तेव्हा एक बाई झुकिनीच्या लांब पट्ट्या काढून त्यावर सॉस ओतताना दिसली. पास्त्यासारखंच दिसत होतं, आणि काट्याने खायचं होतं.

"तुझी ती काकडी म्हसळ्याला पण न्हाय मिळायची," भाजीवाली म्हणाली. "भोपळा ने. बघ कसा कवळा हाय."

"फोड द्या ना एक."

"आजचा फोडलेला न्हाय. मालक चहाला गेलाय, येऊ दे त्याला. मी अख्खा फोडत न्हाय."

थांबले असते तर त्या दोघींनी आणखी प्रश्न विचारले असते. मी लहानसा अख्खा भोपळाच उचलला.

आईने पिशवीत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अख्खा कशाला आणलास?"

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाई पहिली सुरी लावत नाही. घरातल्या पुरुषाने एक चीर द्यायची, मग बायकांनी चिरायचा. का, ते मी कधी विचारलं नाही. आई एरवी असलं फारसं पाळत नाही, पण या वर्षी ती काहीही मोडायला तयार नव्हती.

"मी कापते," मी म्हटलं. "मला काही वाटत नाही."

"तुला नाही वाटणार. ज्यांना भोगायचं ते बाहेर बसलेत."

"मग शेजारच्या काकांना बोलावते."

"आणि यांना काय सांगू? घरात पुरुष नाही म्हणून?"

ते तिच्या तोंडून जरा मोठ्यानेच गेलं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते.

"काय फोडायचंय?"

त्यांनी ओट्यावरची सुरी डाव्या हाताने उचलली. आईचं "अहो, उजव्या" असं अर्धवट निघून गेलं. मग बाबांनी सुरी उजव्या तळव्यावर ठेवली, मिटत नव्हती ती बोटं डाव्या हाताने तिच्याभोवती बसवली, आणि दोन्ही हातांनी जोर लावला. भोपळा घरंगळला. मी पुढे होऊन तो धरला. बाबांनी पुन्हा जोर लावला, तेव्हा सुरी सालीवरून सरकली आणि खणकन खाली पडली.

आईने वाकून भोपळा पाहिला. "लागली. झालं."

"काय झालं? नखाने याहून जास्त उमटतं."

"शास्त्रापुरतं झालं हो."

"शास्त्रापुरताच उरलोय मी," बाबा म्हणाले, आणि पडवीत निघून गेले. ते हसत म्हणाले होते, म्हणून आईने हसायचा प्रयत्न केला. मग त्या ओरखड्यावरच सुरी टेकवून तिने भोपळा उभा चिरला.

सोलाण्याने मी लांब पट्ट्या काढल्या. नारिंगी रिबिनींचा ढीग झाला. टोमॅटो आणि लसूण परतून त्यात घरच्या नारळाचं दूध घातलं, मिरपूड घातली. पट्ट्या मोदकपात्रात वाफवायला ठेवल्या. जेमतेम दोन-तीन मिनिटं पुरे, असं मोबाइलवरच्या बाईने सांगितलं होतं.

तेवढ्यात बाबांना बोलवावं म्हणून मी पडवीत गेले. ते पाठमोरे बसले होते, वाडीकडे तोंड करून. पंचा पुन्हा हातावर होता. जेवायला चला, एवढंच म्हणायचं होतं. पण ते एवढंच राहणार नाही असं वाटलं. तुम्ही जेवला नाहीत तर, आणि जेवलात तर, असं सगळं त्याच्यामागून येईल असं वाटलं, आणि मी दाराशी नुसती उभी राहिले. बाबांना मी आलेली कळली असावी. त्यांनीही मान वळवली नाही. आतून आई ओरडली, "अगं, तुझं ते भांडं!"

झाकण काढलं तर पट्ट्यांचा लगदा व्हायला आला होता. काही तेवढ्या धड होत्या. त्या मी वरच्या वर उचलून बाबांच्या ताटात मांडल्या, वर सॉस ओतला, डावीकडे काटा ठेवला. दिसायला पास्ता दिसत होता.

बाबा आले. आईनेच बोलावलं असेल. बसले, काटा घेतला, पट्टी उचलली. ती मध्येच तुटून ताटात पडली. दुसरी उचलली. तीही पडली. तिसऱ्या वेळी काट्यावर फक्त सॉस आला, तो त्यांनी चाटला.

"चव बरी आहे," ते म्हणाले.

"चमचा देऊ?" आईने विचारलं.

"नको."

मग त्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. मला वाटलं, आता उठणार. आई आपल्या ताटात बघत राहिली. तिच्यापुढे तिचा रोजचा आमटीभात होता.

"भात आहे?" बाबांनी विचारलं.

आई इतक्या घाईने उठली की खुर्ची मागे सरकली. तिने भात वाढला, नावापुरता नाही, पूर्वी वाढायची तसा. बाबांनी डावा हात भातात घातला. आधी नुसता ठेवला. मग भोपळ्याचा लगदा ओढून घेतला, कालवला, आणि घास तोंडात घातला. दुसरा घेतला. ओघळ मनगटापर्यंत आला तो त्यांनी उजव्या हातावरच्या पंच्याला पुसला. आई तोंडाला पदर लावून गॅसकडे बघत होती, गॅस बंद असताना.

मला बोलायचं होतं. बाबा, भात कमी घ्या. एवढं सोपं वाक्य होतं. ते घास भराभर घेत होते, कितीतरी दिवसांची भूक असल्यासारखे. ताट रिकामं होत आलं.

"आणखी वाढू?" मी विचारलं.

"वाढ थोडा," बाबा म्हणाले.

मी वाढला.