जखमेचा रकाना

माझं अक्षर वळणदार होतं आणि त्याची मला नको इतकी घमेंड होती. सत्तरच्या दशकात, नुकतीच सरकारी नोकरीला लागलेली मी, सक्करदऱ्याजवळच्या वस्तीत एक शिवणवर्ग तपासायला गेले. तिथल्या बाजारात दंगा होऊन पोलिसांचा गोळीबार झाला होता. त्याची झळ लागलेल्या घरांतल्या मुलींसाठी हा वर्ग सरकारी अनुदानावर चालायचा. त्याचा उपयोग होतो की नाही, ते मी ठरवायचं. वय वर्षं तेवीस, आणि म्हणे ठरवायचं!

वर्ग चालवणाऱ्या बाई आत चहा टाकायला गेल्या होत्या. सगळ्या मुली पायांनी मशीन चालवत होत्या. एकच, सोळा-सतरा वर्षांची, हातानं चाक फिरवत होती. मी कारण विचारलं. तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, "पायाले गोळी लागली होती." मी लगेच नाव, वय, पत्ता लिहिला. 'जखमेचं स्वरूप' या रकान्यात लिहिलं: डावी पोटरी, बंदुकीची गोळी. खाली कार्बन लावून तीन प्रती. असा ठोस पुरावा हाती लागला म्हणून मनातून खूश झाले, हे सांगायची आज लाज वाटते.

बाई चहा घेऊन आल्या आणि फॉर्म बघून थबकल्या. "हा कागद कुठी जाते, बाई?"

"एक प्रत आमच्याकडे, एक मुंबईला, एक कलेक्टर कचेरीत."

"अन् तिचं नाव काहून लिवून राहिल्या? तिच्या भावाले पोलिसायनं दवाखान्यातूनच उचललं. जखम आहे म्हंजे दंग्यात होता म्हणे. म्हणून हिले दवाखान्यात नेलंच नाही, गोळी घरीच काढली. साऱ्याच घरी असंच आहे."

मी फॉर्म उचलला. तिन्ही प्रती फाडून चहाच्या शेगडीत टाकल्या. कार्बन उजेडात धरला, तर त्यावरही तिचं नाव! एकेक काना-मात्रा शाबूत. तोही शेगडीत टाकला. जळेपर्यंत मी दाराकडेच बघत होते. कोणीतरी येतंय असं सारखं वाटत होतं.

नवा फॉर्म काढला आणि कळलं, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नावं द्यावीत तर पोलीस त्यांच्या दारात, न द्यावीत तर अनुदान बंद. मी बाईंकडे पाहिलं.

"मशिनी गेल्या तर जाऊ द्या," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, 'गोळीबाराची झळ लागलेल्या मुली: शून्य.' अक्षर वेडंवाकडं आलं.

निघताना ती लंगडत माझ्यापाशी आली. हातात नुकतंच शिवलेलं पोलकं. माझी तपासणी म्हणजे तिच्या शिवणाची परीक्षा, अशी तिची समजूत. "बाई, पास झाली ना मी?"

पोलक्याची शिवण सरळ होती, एक टाका चुकला नव्हता. "पहिल्या नंबरानं," मी म्हणाले आणि फॉर्म घाईघाईनं पर्समध्ये कोंबला.

पुढच्याच महिन्यात सगळ्या मशिनी उचलून नेल्या. तिचीसुद्धा.