घासलेली देवी

नवरा गेल्यावर दीड वर्षाने मी ईडन प्रेरीचं घर विकायला काढलं. चार बेडरूम एकटीने झाडून काय करायचं? त्याची रोमन नाणी तेवढी निकालात काढायची राहिली होती. मुलगी बॉथेलहून फोनवर म्हणाली, "आई, जस्ट सेल देम." मलाही तेच करायचं होतं.

डबा घेऊन त्याच्या नेहमीच्या, जुनी नाणी विकणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे गेले. म्हाताऱ्याने चांदीची नाणी पटापट बाजूला केली. सोन्याचं एकच होतं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला खुर्चीत बसलेली देवी, हातात पूजेची वाटी. ही नवरा-बायकोच्या सलोख्याची देवी, असं नवऱ्याने ते आणलं तेव्हा सांगितलं होतं. "मग हिला आपल्याकडे बरंच काम पडणार," मी म्हणाले होते. दर लक्ष्मीपूजनाला तो ते आमच्या चांदीच्या लक्ष्मीशेजारी ठेवायला द्यायचा, आणि मी समई-निरांजनाबरोबर तेही चिंच आणि पावडर लावून घासून काढायचे. देवासमोर कळकट काही ठेवायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण.

म्हाताऱ्याने भिंगातून पाहिलं आणि मान वर न करताच विचारलं, "घासणारी तूच ना?"

"का?"

"देवीचं नाक कुठे आहे?" सोनं मऊ असतं, जुनं नाणं पुसायचंही नसतं, असं त्याने ऐकवलं. "संग्रह करणारा कुणी हे घेणार नाही. वितळवायच्या भावाने घेतो."

"माझ्या नवऱ्याला कळलं नाही?"

"पहिल्याच वर्षी कळलं. दाखवायला आला होता. मी म्हटलं, बायकोला सांग. तर म्हणाला, सांगितलं तर ती घासणार नाही, पण मग पूजेलाही ठेवणार नाही. डब्यात टाकून देईल."

खरं होतं. मी तेच केलं असतं.

बाकीची नाणी दिली, हे परत आणलं. मुलीला सांगितलं, याला गिऱ्हाईक मिळालं नाही.

नव्या अपार्टमेंटमध्ये दिवाळीला कुणाला बोलावलं नाही. पाचलाच अंधारून आलं. सिंकपाशी समई घासली, निरांजन घासलं, मग ते नाणं हातात घेतलं. आता जपायचं काय राहिलं होतं? चिंच लावली. नाकाच्या जागी अंगठा जरा हळू फिरवला, एवढंच.