ताप नव्हता तिला

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो वकील नाही, मी काय केलं ते त्याला ऐकताक्षणी कळलं असतं — म्हणूनच नसेल सांगितलं.

मी पनवेलमध्ये वकिली करते. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा. लोक मला चांगली वकील म्हणतात. आमच्या धंद्यात चांगली म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही. जी केस जिंकून माझं नाव झालं, ती वनिताची. म्हणजे वनिताच्या नवऱ्याची — मी त्याच्या बाजूने होते. नावं बदलून सांगते आहे. एवढीच काय ती माझी सभ्यता.

तिच्या नवऱ्याचे कळंबोलीत ट्रक होते. भांडणात त्याने वनिताला कोन गावी माहेरी धाडलं आणि अंगावर पिणारी मुलगी, आरू, ठेवून घेतली. इतक्या लहान मुलीचा ताबा कोर्ट सहसा आईलाच देतं. कायद्याने मी हरणारच होते. मग हातात उरतं काय? तारीख. कधी आमचं लेखी म्हणणं तयार नाही, कधी माझी कंबर धरली, कधी पक्षकार बाहेरगावी. मूल जितके दिवस बापाकडे राहील तितकं तिथलं होईल, आणि मग म्हणायचं — साहेब, रुळलंय ते, आता कशाला हलवता? ही युक्ती माझी नाही. सगळे करतात. पण सगळे करतात म्हणून — जाऊ दे, ते नको.

पहिल्या तारखेला वनिता बाहेर बाकावर बसली होती. पदर दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेला, तरी ब्लाउज ओला झालेला दिसत होता. मला समजलं नाही असं म्हणू? मलाही मूल झालं आहे. मला समजलं, आणि मी आत जाऊन पुढची तारीख मागितली.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही. इथपर्यंत तर मी स्वतःशी केव्हाच कबूल केलं आहे.

शेवटी न्यायाधीश साहेब वैतागले. पुढच्या तारखेला मुलीला हजर करा, म्हणाले. त्या दिवशी बापाकडची आजी आरूला घेऊन आली. गाडी कोर्टाबाहेर लागली होती, मी भेटायला खाली उतरले. वनिता गेटपाशी भावाशी बोलत उभी होती, पाठमोरी. तिला काही कल्पना नव्हती. पण पोरीला ती दिसली होती. आरू काचेला तळवे लावून ‘आय, आय’ करत होती आणि आजी तिला मागे ओढत होती.

ही पोर आत गेली की आईकडे झेप घेणार, आणि केस तिथेच संपणार, हे मला दिसलं. कीव वाटली का? नाही. भीती वाटली — हरण्याची. मी ड्रायव्हरला म्हटलं, घरी घेऊन जा. वर जाऊन साहेबांना सांगितलं, मुलीला ताप आहे, फार ताप आहे. आवाजात काळजी आणली. ती मला छान जमते. बाहेर पडल्यावर वनिता माझ्या मागे धावत आली, औषध दिलंय का, दूध पिते का, विचारत. मी म्हटलं, बरी होईल. ज्या मुलीला काहीही झालेलं नव्हतं, तिच्या काळजीने ही बाई कोनला परत गेली.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. नंतर साहेबांची बदली झाली, सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू. मधल्या काळात मी आरूला अधूनमधून ऑफिसात आणायला सांगत असे, काळ्या कोटाची सवय व्हावी म्हणून. चॉकलेट देत असे. माझ्या मांडीवर बसायला लागली ती.

शेवटी एकदाची ती नव्या साहेबांसमोर आली. त्यांच्या चेंबरमध्ये वनिता खाली बसली, तिने हात पसरले. आरू रडत मागे सरकली आणि येऊन माझ्या पायांना बिलगली. वनिताने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“बाई, तुमी सांगा ना तिला,” ती म्हणाली. “मी आय हाय तिची. तुमचं आयकल ती.”

ऐकलं असतं तिने माझं. मी आरूला उचलून कडेवर घेतलं आणि साहेबांना म्हटलं, बघा, मूल आईला ओळखत नाही. या वेळी मी खोटं बोलत नव्हते.