सणसरच्या कालव्याजवळ मेंढरांनी कुणाला वाट दिली?

या सदरात लोक जे लिहितात ना — पांढरी साडी, पिंपळ, पैंजणांचा आवाज — ते वाचून खो खो हसणाऱ्यांतला मी. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं गॅरेज होतं. गाडीतून आवाज आला तर त्याला कारण असतं आणि ते कारण पाना लावून खोलता येतं, एवढाच माझा धर्म. तेव्हा "भास झाला असेल" हे मला शिकवू नका. आणि हे मी हौसेनेही लिहीत नाहीये.

साल १९९७, जानेवारी संपत आलेला. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रीघ.

माझा पाठचा भाऊ दत्ता. आमचं गाव कऱ्हाटी, आणि घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आबा म्हणजे आमचे वडील गेले आणि वर्षाच्या आत मी सगळी मेंढरं विकून टाकली. दत्ता तेव्हा बाहेरगावी कामाला होता. त्याला विचारलं नाही, हे खरं. पण राखणार कोण होतं? गॅरेज सोडून मी काठी घेऊन हिंडू? त्याने ते मनात धरलं. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सणावाराला एकाच पंगतीत, तोंडं दोन दिशांना.

त्या दोन वर्षांत एमआयडीसीत मुरूम टाकायची कामं घेऊन दत्ताने बस्तान बसवलं, आणि त्याच्या डोक्यात खूळ शिरलं... स्पोर्ट्स कार! इंदापूरच्या वाटेवर, सणसरच्या पुढे एका बागायतदाराच्या मळ्यात एक होती — लाल, दोन दारांची, परदेशी, सेकंडहँड. आई माझ्या गॅरेजवर आली.

"त्येला गाडी बघून दे," म्हणाली. "तू गेलास तर बोलंल तरी तुज्याशी. माज्या डोळ्यादेखत तेवढं हू दे."

म्हणून गेलो. गाडीसाठी नाही, भावासाठी. माझ्या मोटरसायकलवर मी पुढे, तो मागे, आणि सगळा रस्ता एक शब्द नाही.

बागायतदार अंगणात खुर्ची टाकून बसला होता. त्याने आधी माझे काळे हात बघितले.

"बघायची तर बघा. पर रंगाला हात लावायच्या आधी धुऊन घ्या."

माझं डोकं तिथेच फिरलं. पण हात धुतले आणि दीड तास गाडी बघितली. प्लग काढून पाहिले, ऑइल बोटावर चोळून पाहिलं, खाली आडवा पडून चासी पाहिली. माझ्याकडे फडक्यात गुंडाळलेलं चुंबक असायचं. ठोकलेल्या पत्र्यावर लांबी म्हणजे पुट्टी भरून रंग मारला असेल तर तिथे ते चिकटत नाही. ते सगळ्या गाडीवरून फिरवलं. कुठेही सुटलं नाही. गाडीला साधी धडकसुद्धा बसलेली नव्हती.

"आधीचा मालक कोण?" मी विचारलं.

"मुंबैचा. कागदात हाय की."

"का इकली त्येनं?"

"तुमाला गाडी घ्यायचीय का सोयरीक जुळवायचीय?"

दत्ता हसला. माझा भाऊ, आणि त्याच्या बाजूने हसला.

मग ट्रायल. दत्ता चालवायला, मी डावीकडच्या सीटवर. कालव्याच्या रस्त्याला लागलो आणि त्याने दाबली. सीट इतकी खाली की बूड रस्त्याला टेकतंय असं वाटावं. इंजिन मात्र मख्खन. दत्ताचा चेहरा लहानपणी यायचा तसा फुलला.

"कशी पळतीया बग, दादा!"

दोन वर्षांनी दादा म्हणाला तो मला. त्या एका शब्दावर मी विरघळलो, खोटं कशाला बोलू. म्हणालो, "गाडी ओके हाय. डोळं झाकून घे."

तेवढ्यात समोरून मेंढरं आली. दीड-दोनशे असतील, रस्ता भरून. दत्ताने इंजिन बंद केलं आणि आम्ही दोघंही खाली उतरलो. मेंढरं जात असताना आमच्यासारख्यांना गाडीत बसवत नाही. दुपारचे साडेबारा, डोक्यावर ऊन. दत्ता हसत हसत थेट कळपात शिरला. मी बॉनेटला टेकून उभा राहिलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मेंढरं चालतात ती अंगाला अंग लावून, मधे फट नसते. पण परका माणूस आत शिरला की ती त्याच्यापासून हातभर सरकून जातात, आणि त्याच्याभोवती बाजेएवढी मोकळी जागा पडते. माणूस चालला की ती जागा त्याच्याबरोबर चालते. फक्त स्वतःच्या मेंढक्याच्या गुडघ्याला ती घासून जातात. लहानपणी आम्ही माळावर बसून लांबून नुसत्या त्या जागेवरून सांगायचो, कळपात कुणी शिरलंय की नाही.

दत्ताभोवती तशी जागा पडली होती. आणि मी उतरलो होतो त्या डाव्या दाराशी दुसरी पडली.

तिथे कुणी नव्हतं.

आधी वाटलं, साप. पण सापाला मेंढरं बुजतात, उधळतात. ही उधळली नाहीत. माणसाला देतात तशी निवांत वाट देत होती. मग ती जागा हलली... चालीच्या वेगाने, कळपातून, सरळ दत्ताकडे.

मागून म्हातारा मेंढका ओरडला, "ओ पाव्हणं! मधनं चालू नगा, कोकरं चेंगरत्याल!" मग मेंढरांच्या वरून त्याने नीट बघितलं आणि त्याचं तोंड मिटलं.

ती जागा दत्ताच्या जागेला जाऊन मिळाली. बरोबर त्याच्या पाठीमागे थांबली. तो पाऊल टाकेल तेव्हा पाऊल टाकत होती. दत्ताने एकदा मागे वळून बघितलं, आणि पुन्हा पुढे बघू लागला.

"दत्त्या, हिकडं ये!" माझा आवाज फाटला. तो आला. त्याच्यामागून तेही आलं, गाडीपर्यंत. मग मेंढरं संपली आणि रस्त्यावर नुसत्या लेंड्या राहिल्या. आता बघायला काहीच उरलं नव्हतं.

मेंढका शेजारून चालला होता. मी म्हणालो, "तात्या, काय बघितलं तुमी?"

"म्या काय न्हाय बघितलं. तुमी बी बघू नगा." तो थांबलासुद्धा नाही.

मी दत्ताला म्हणालो, "गाडी घ्यायची न्हाय."

"का? आत्ता तर डोळं झाकून घे म्हणलास."

"आत्ता नको म्हणतोय. ती मेंढरं बघितली न्हाईस व्हय तू?"

"मेंढरं?" तो भडकलाच. "मेंढरांचं नाव तू घेऊ नगंस. इकताना मला इचारलं न्हाईस, आन् आता मी घ्याया निघालो तर नको? तुला माजं बरं बघवत न्हाय, दादा. कवाच न्हाय बघवलं."

माझाही ताबा सुटला. "मर मग तिच्यात," म्हणालो. सख्ख्या भावाला, भर रस्त्यात.

त्याने त्याच दिवशी सौदा केला. मी एकटा मोटरसायकलवर परत आलो. आईला माझ्या तोंडावरूनच कळलं.

मी वाईट बातमीची वाट बघत राहिलो. काही झालं नाही. साधा टायरही पंक्चर झाल्याचं ऐकलं नाही. मग मीच आरटीओतल्या एका एजंटाला धरून मुंबईचा आधीचा मालक शोधला. जिवंत, ठणठणीत! बुटक्या गाडीत उठता-बसता कंबर दुखायची म्हणून विकली, म्हणाला. त्या गाडीत कुणी मेलं नाही, गाडीखाली कुणी आलं नाही. आता तुमच्यातले काही लिहितील, ते तुमचे आबा असतील. आबा असते तर समोरून येऊन दोघांच्या कानाखाली वाजवली असती. असं चोरासारखं मागून चालणं त्यांचं नव्हे.

दोन वर्षांनी एका सकाळी दत्ता ती गाडी घेऊन गॅरेजवर आला. इकडचं तिकडचं काही नाही.

"इकायचीय. दुपारी पुण्याचं गिऱ्हाईक येतंय, बघून ठेव."

मी बघितली. क्लच प्लेट गेलेली, टायर अर्धे झिजलेले. चालवणाऱ्याची सीट घासून पांढरी पडली होती. डावीकडची मात्र कोरी करकरीत, कापडावर बसल्याची सुरकुतीसुद्धा नाही.

"शेजारी बसायच्या लायकीचं कुणी घावलं न्हाय वाटतं?" मी कुजकटपणे विचारलं.

त्याने त्या कोऱ्या सीटकडे बघितलं. मग म्हणाला, "बसवलं न्हाय कुणाला. बायकूला न्हाय, पोरांस्नी न्हाय. पोरं रडायची. मला बी दिसलं हुतं त्या दिवशी, दादा."

"मग घेतलीस कशाला, भाड्या?"

"तू नको म्हणलास म्हणून."

हातातला पाना त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं, देवाशपथ. आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हींतलं काही केलं नाही.

"गिऱ्हाईक तुलाच इचारंल," तो खाली बघून म्हणाला. "तू निस्ती ओके म्हण. मला ही आता दारात नको."

दुपारी ते आले. पुण्याचा तिशीतला माणूस आणि त्याची बायको. लग्नाला महिनाही झाला नसेल, तिच्या हातात हिरवा चुडा. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि मला विचारलं, "तुम्ही मेकॅनिक ना? खरं सांगा, काही प्रॉब्लेम आहे?"

दत्ता माझ्याकडे बघत होता. दोन आणि दोन, चार वर्षांनी माझ्या भावाने मला काहीतरी मागितलं होतं.

मी क्लचचं सांगितलं, टायरचं सांगितलं. मग म्हणालो, "बाकी गाडीत खोट नाही."

ती डावीकडे बसली. पदर दारात अडकत होता, तो मी आत सारला आणि दार लावून दिलं.

तेव्हापासून दत्ता आणि मी बोलतो. तो जेवायला येतो, पोरं माझ्या अंगाखांद्यावर खेळून मोठी झाली, आई समाधानाने गेली. मेंढरांत कोण चालत होतं ते मला आजही माहीत नाही. त्या गिऱ्हाइकाने जाताना मला त्याचा फोन नंबर दिला होता. मी तो कधीही फिरवला नाही.