ऐनावर न चढणारं घर

आमच्या पाड्यावर ऐनाच्या झाडावर न चढणारं घर एकच होतं, आमचं.

पोशेऱ्याच्या बाजूला डोंगराच्या उतारावर आमचा पाडा आहे. भात असो की नाचणी, रोपं आधी राबावर वाढवायची. राब म्हणजे भाजून काढलेला जमिनीचा तुकडा. थंडी सरली की ऐनाच्या पाल्याच्या डहाळ्या तोडतात, त्याला आम्ही कवळ म्हणतो. खाली शेण, त्यावर सुकलेली कवळ, वर गळलेल्या सुक्या पानांचा पातेरा आणि मातीचा हलका थर असं रचून उन्हाळ्याच्या अखेरीला पेटवून द्यायचं. त्या राखेत पडलेलं बी जोमानं उठतं. झाड मात्र मरत नाही. शेंडा राखायचा आणि बाजूच्या डहाळ्या घ्यायच्या, की ते पुन्हा भरतं. हे काम ज्याला येत नाही त्याला पाड्यावर कुणी पुरा शेतकरी म्हणत नाही.

आमच्या घरात हे काम कुणालाच येत नव्हतं. आई आणि मी जंगलातून गळलेला पातेरा झाडून आणायचो. नुसत्या पातेऱ्याची आग भुरकन पेटते आणि भुरकन विझते. आमचा राब कच्चा राहायचा, रोपं पिवळी पडायची. लावणीच्या वेळी शेजारच्या घरातून उरलेल्या रोपांच्या मुठी मागून आणाव्या लागायच्या. शेजारचा काका मुठी द्यायचा, पण बोलूनही घ्यायचा.

"पातेरेवाल्यांनो, यंदा तरी ऐनाला हात लावा रं! चावत नाय तो!"

बा हसायचा नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "देवाचं हाय आपल्यात. आपुन चढायचं नाय." मीही तेच खरं मानलं. वाघाच्या देवाचा काही नवस असेल, असं मला वाटायचं.

घरातून शाळेत गेलेली मी पहिली. मोखाड्याला आश्रमशाळेत होते तेव्हा माझ्या बोलण्यात आमच्या पाड्याची भाषा यायची आणि गावातली मुलं फिदीफिदी हसायची. इतिहास शिकवणारे आमचे सर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला वर्गापुढे उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं, रोज, जीभ वळेपर्यंत. बारावीनंतर बा मला कामाला न्यायच्या तयारीत होता. सर पाड्यावर आले, ओसरीवर बसले आणि उठायलाच तयार होईनात. शेवटी बा म्हणाला, "न्या बाबा, न्या एकदाची." सर स्वतः मला जव्हारला घेऊन गेले आणि कॉलेजात प्रवेश घेऊन दिला. आज मी तिथेच ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं ज्यांच्याबद्दल आहे ते हेच सर आहेत, आणि त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. ते आता निवृत्त झालेत, पण शाळेचं झेंडावंदन त्यांच्याशिवाय होत नाही.

"प्राध्यापक बाई, यंदा भाषण तुमचं. विषय आहे स्वातंत्र्यलढा आणि आपला तालुका. पुस्तकातलं सांगू नकोस, इथलं सांग."

इथलं सांगायचं म्हणून मी पाड्यावर गेले. बा अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होता. मी विचारलं, "बा, इंग्रजाच्या वेळचं काय ऐकलंयस? आपल्यातलं कुणी होतं का चळवळीत?"

"चळवळ कसली? आपल्यातला एक जेलात जाऊन आला, तो चोर म्हणून."

"कोण?"

बा काठी बांधतच राहिला. गाठ आवळून म्हणाला, "माझा आजा. तुझा पणजा. कवळ तोडायला ऐनावर चढलेला. इंग्रजाच्या जंगलवाल्यांनी वरनंच उतरवला. ठाण्याच्या जेलात घातला. परत आला तं दातखिळी बसल्यावानी गप. पोरांना बोलला, आपल्या घरातला कोणी परत ऐनावर चढंल तं माझं मेलेलं तोंड बघंल."

"मग देवाचं म्हणून का सांगायचास?"

"मंग काय सांगू? चोराचं घर हाय म्हणून?"

मी शिकवते तो धडा माझ्या डोळ्यांपुढे आला, राष्ट्रवादाच्या उदयाचा. दरवर्षी मी फळ्यावर कारणं लिहिते: इंग्रजी शिक्षण, वर्तमानपत्रं, रेल्वे. रेल्वेमुळे देश जवळ आला, असं मुलं वहीत उतरवून घेतात. त्या रेल्वेच्या रुळांखाली कुठल्या जंगलांचं लाकूड गेलं, ते जंगल राखायचं म्हणून कोणाचा राब बंद पडला, हे कारणांत बसत नाही. पुण्या-मुंबईच्या सभांत पुढारी रयतेच्या गाऱ्हाण्यांवर बोलत, त्यात जंगलाचं गाऱ्हाणंही असे. ते गाऱ्हाणं म्हणजे माझा पणजा होता. सभेत टाळ्या पडत होत्या तेव्हा त्याच्यासारखे कितीतरी जण गजांआड बसले असतील, आणि घरी आल्यावर त्यांच्या पदरात एकच शब्द पडला, चोर.

मी तशीच सरांकडे मोखाड्याला गेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत त्यांच्या आजोबांचा फोटो आहे. सरांचे आजोबा जंगल सत्याग्रहात होते. गावातून वाजतगाजत गेले, सरकारी जंगलात कोयत्यानं एक फांदी तोडली आणि अटक करून घेतली. दर पंधरा ऑगस्टला हा फोटो शाळेत नेतात, त्याला हार घालतात. लहानपणी तो हार ओवायला मीही बसायचे.

मी पणजोबांचं सांगितलं. सरांनी मन लावून ऐकलं, मग चष्मा काढला.

"वाईट झालं गं. पण हे भाषणात नको."

"का, सर?"

"अगं, त्याला सत्याग्रह म्हणत नाहीत. माझे आजोबा ठरवून गेले. कायदा मोडतोय हे सांगून मोडला. तुझा पणजोबा राबासाठी गेला आणि सापडला. त्याच्या मनात देश होता का?"

"त्याच्या मनात रोप होतं, सर. ते का कमी?"

"कमी म्हणत नाही मी. वेगळं म्हणतो."

"जंगल तेच, कायदा तोच, फांदीसुद्धा तशीच. तुमच्या आजोबांनी एकदा तोडली, आमच्या पणजोबांनी दरवर्षी तोडली. तुमच्याकडे हार आला आणि आमच्याकडे चोर हा शब्द."

"तू माझ्या आजोबांशी भांडतेयस का?"

"नाही, सर. त्यांनी फांदी कुणासाठी तोडली ते विचारतेय. तुमच्या घरी तर दुकान होतं. राब कुणाचा होता?"

सरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. सरांच्या पत्नीनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. मी निघताना ते दारात एवढंच म्हणाले, "उद्या पोरं झाडं तोडतील आणि म्हणतील, आम्ही सत्याग्रही. काय सांगशील त्यांना?" मी म्हटलं, शेंडा राखायला सांगेन. ते हसले नाहीत. माझ्या बोलण्याला कधीही न हसलेल्या त्या माणसानं निदान आता तरी हसावं, असं मला वाटलं. पण मी रागावलेली होते आणि तो राग अजूनही गेलेला नाही. इंग्रजानं माझ्या पणजोबाला चोर म्हटलं, तो त्याचा धंदाच होता. इंग्रज गेल्यावर तोच शब्द आम्ही एवढी वर्षं का सांभाळला? झेंडा बदलला, मग निकाल का नाही बदलला?

बा म्हणाला होता, "सांगायचं तं सांग. मी येनार नाय." पंधरा ऑगस्टला मी माइकपुढे उभी राहिले तेव्हा तो मागच्या पत्र्याच्या शेडखाली दिसला, धुतलेली टोपी घालून, इतर आईबापांच्या मध्ये. या माणसाला मी आता सगळ्या तालुक्यादेखत चोराचा नातू म्हणणार होते की आणखी काही, हे माझ्या पुढच्या वाक्यावर होतं.

मी आधी सरांच्या आजोबांना नमस्कार केला. तो मनापासून केला. मग राब कसा भाजतात ते सांगितलं. शहरातून आलेले पाहुणे तेवढे कंटाळले, मुलं मात्र खुसखुसून हसली, कारण त्यांच्या घरचीच गोष्ट होती. मग म्हटलं, "माझा पणजोबा याच राबासाठी जेलात गेला. देश हा शब्द त्यानं ऐकला असेल की नाही, मला माहीत नाही. पण स्वतःच्या जमिनीत स्वतःचं रोप वाढवायला परक्याची परवानगी लागावी, हे त्यानं मानलं नाही. पुढे सगळ्या देशानं जे म्हटलं ते हेच. तो चोर नव्हता. आमच्या घरात आजपासून हा शब्द कुणी बोलणार नाही, आणि तुमच्याही घरात असा कुणी असेल, तर तुम्हीही बोलू नका."

टाळ्या पडल्या, जशा प्रत्येक भाषणाला पडतात. सर म्हणाले, "भाषण लांबलं जरा." त्यापुढे काही नाही. हार त्यांच्या आजोबांच्या फोटोला होता तसाच होता. बा जीपमध्ये माझ्या शेजारी बसून पाड्यापर्यंत आला आणि पूर्ण वाटेत फक्त पावसाबद्दल बोलला.

थंडी सरल्यावर मी घरी गेले तर अंगणात कोणी नव्हतं. आई म्हणाली, "तुझा बापूस बघ जा. याड लागलंय त्याला."

बांधावरच्या ऐनावर बा चढला होता. फार वर नाही, पहिल्या बेचक्यापर्यंत. एका हातानं खोड कवटाळलेलं, दुसऱ्या हातात कोयता. खाली शेजारचा काका कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काय रं पातेरेवाल्या, देवानं सोडला वाटतं तुला!"

"गप रं. कुठनं मारू ते सांग."

"खालनं आधी एक घाव घाल. मंग वरनं. आरं, तसा नाय! खालनं, खालनं!"

बानं वरूनच घाव घातला. डहाळी अर्धी तुटून लोंबली आणि तिच्याबरोबर खोडाची साल पार खालपर्यंत सोलत आली. आतलं ओलं, तांबूस लाकूड उघडं पडलं.

"सोललास ना झाड!" काका ओरडला. या खेपेला तो हसत नव्हता. "तुझ्या बापानंच शिकवायला पायजे होता हा घाव."

"त्याला तरी कुठं येत होता," वरून बा म्हणाला.

मी खाली उभी होते. ज्या घरातली माणसं एके काळी पाड्यावर कुणाहून कमी नव्हती, त्या घरातला साठी उलटलेला शेतकरी आज कवळ तोडायला शिकत होता, आणि चुकत होता. जेल काही महिन्यांचा असेल. हा घाव मात्र बाच्या बापाला आला नाही, बाला आला नाही, मलाही येत नाही. याची भरपाई कुठल्या हारात आहे, हे मला कुणीतरी सांगावं.

काकानं कोयता मागून घेतला, सोललेल्या जागी शेण थापलं, आणि शेजारच्या ऐनाकडे बोट केलं.

"त्याच्यावर चढ आता. आन शेंडा राख."