दाजींच्या वाटणीचं पाणी

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, कधीकाळी मुतखडा झाला होता. कुणीतरी सांगितलं, बिअर प्या, खडा पडतो. खडा पडला. तो आपला आपणही पडला असता, पण त्या दिवसापासून बिअर औषध झाली आणि दाजी वैद्य झाले. ओझरच्या कारखान्यात नोकरी, घरची द्राक्षबाग; त्यामुळे वाईनला तर ते दारू म्हणायलाच तयार नव्हते. आपल्याच द्राक्षांचा रस तो, असं म्हणायचे. विंचूरच्या वाईन कारखान्यांकडे गेले की पिशवी भरून रस यायचा. रस संपला की देशीही चालायची. तिला बहुधा उसाचा रस समजत असावेत.

सिगारेटचं तर बोलायलाच नको. बीपी निघालं तेव्हा डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, धुरानं किडनीच्या रक्तवाहिन्या खराब होतात, दारूनं बीपी चढतं आणि चढलेलं बीपी किडनी पोखरत राहतं. दुखत नाही म्हणून कळत नाही. घरी येऊन दाजी म्हणाले, डॉक्टरला द्राक्षातलं काय कळतं! गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

मग पाय सुजले, धाप लागायला लागली आणि डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसच्या माणसाला दिवसभरात मोजकंच पाणी चालतं. चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं त्यातच धरायचं. ताई रोज सकाळी त्यांच्या वाटणीचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायची. आणि त्यांना बघून तहान लागू नये म्हणून स्वतः स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून पाणी प्यायची. भर उन्हाळ्यातसुद्धा. मला तिचा संताप यायचा, आणि ती पाठ बघून रडूही यायचं.

पुढे किडनी बदलायचं ठरलं. कुणाची, हे विचारायची गरजच कुणाला वाटली नाही. दोन्ही दीर बागेच्या छाटणीचं निमित्त सांगून सटकले. ताईच्या तपासण्या जुळल्या तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटले आणि बाईच्या जन्माचं सोनं झालं म्हणाल्या. एवढं सोनं होतं तर पोटच्या पोरांना का नको होतं, कोण जाणे. डॉक्टरांनी बजावलं, दारू-सिगारेट आत्तापासूनच बंद, नाहीतर हीसुद्धा किडनी घालवाल. दाजींनी लगेच देवीची शपथ घेतली. शपथ घ्यायला त्यांचं काय जात होतं?

एका संध्याकाळी मी ताईकडे गेले, तर पाण्याची बाटली भरलेली तशीच. ताई गोळ्या घेऊन गच्चीवर निघाली होती, मी पुढे गेले. गच्चीत दाजी बसलेले, एका हातात सिगारेट, दुसऱ्या हातात बिअर. लाज? ती कधीच विकून खाल्लेली. उलट मलाच समजावायला लागले की दिवसभर पाण्याचा थेंब घेतलेला नाही, सगळी वाटणी संध्याकाळसाठी राखून ठेवली.

"पाणी काय नि बिअर काय, माप तर तेच हाय ना? आन् एकदा तुझ्या ताईची किडनी बसली, का मापाची कटकट पण नाय."

ताई माझ्या मागेच उभी होती. तिने गोळ्या कठड्यावर ठेवल्या आणि खाली गेली. त्या रात्रीही तिने त्यांना वेळेवर जेवायला वाढलं. मला वाटलं, झालं, हिने हेही गिळलं.

ऑपरेशनच्या आधी दवाखान्याची समिती किडनी देणाऱ्याला एकटं बसवून विचारते. ताई आत गेली. बाहेर बाकावर दाजी, सासूबाई आणि दाजींच्या वाटणीची बाटली धरून मी. सासूबाई जप करत होत्या, दाजी खिशातलं सिगारेटचं पाकीट चाचपत होते. ताई लवकरच बाहेर आली.

"मला विचारलं, कोणी बळजबरी करतंय का," ती म्हणाली. "म्हटलं, बळजबरी नाय. पण मी देणार नाय."

सासूबाईंची माळ थांबली. दाजी माझ्याकडे बघायला लागले. नेहमीसारखं कुणीतरी दुसऱ्यानं निस्तरावं म्हणून. मी मान फिरवली.

ताईने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, दाजींच्या समोरच्या बाकावर बसली आणि त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, सगळी बाटली पिऊन टाकली.